कॅमेरा आपल्या हातात का नाही?

प्रत्येक संघटनेच्या कपाटात फोटोंचे अल्बम असतात. अलीकडे अल्बम नसले तर कॉम्प्युटरवर 'कार्यक्रम' नावाचं फोल्डर असतं. ते एकदा निवांत उघडा आणि फोटोत काय दिसतं याची यादी करा. पाहुण्यांचं स्वागत, प्रतिमापूजन, व्यासपीठावरची रांग, माइकपुढे उभी असलेली व्यक्ती, मागचा बॅनर. आणि शेवटी सभागृहाच्या मागच्या कोपऱ्यातून घेतलेला एक फोटो, ज्यात दोनशे बायकांची डोकी दिसतात आणि चेहरा एकीचाही दिसत नाही. कार्यक्रम त्या दोनशे जणींसाठी होता. दिवसाची मजुरी बुडवून, पोरं शेजारणीकडे ठेवून त्या आल्या होत्या. फोटोत त्या गर्दी म्हणून उरल्या.

हे फोटो काढले कोणी? बहुतेक वेळा गावातल्या स्टुडिओच्या फोटोवाल्याने, नाहीतर कोणा कार्यकर्तीच्या भाच्याने किंवा मुलाने. त्यांचा दोष फारसा नाही. फोटोवाला लग्नं करतो, बारशी करतो, सत्कार करतो. मानाचा माणूस कोण आणि गर्दी कोण, हे त्याला समाजाने शिकवलेलं असतं. आयोजकांनी त्याला 'पाहुण्यांचे नीट घ्या' एवढंच सांगितलेलं असतं. त्याने ते चोख केलं.

माझं म्हणणं साधं आहे. स्त्रियांच्या संघटनांनी भाषण करायला शिकवलं, अर्ज लिहायला शिकवलं, पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवून घ्यायला शिकवलं. कॅमेरा चालवायला मात्र शिकवलं नाही. ते 'तांत्रिक काम' म्हणून पुरुषांकडे राहिलं, आणि त्यासोबत आपण जगाला कशा दिसणार हे ठरवण्याचा अधिकारही त्यांच्याकडे राहिला. आता कॅमेरा डिजिटल झाला आहे. शिकण्याचा खर्च जवळजवळ संपला आहे. तरीही आपण तो शिकणार नसू, तर त्याची कारणं खर्चात नाहीत, दुसरीकडे आहेत.

कॅमेरा आपल्यावर रोखलेला आहेच

'आपल्याला काय करायचाय कॅमेरा? आपलं काम लोकांमध्ये' असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्या मला भेटतात. त्यांना मी विचारते, तुमच्या वस्तीतल्या बाईचे सरकारदरबारी किती फोटो निघतात ते मोजलंय का? रोजगार हमीच्या कामावर मजुरांचे फोटो काढून मोबाइल अ‍ॅपवर हजेरी लावण्याची पद्धत २०२१ साली सुरू झाली आणि जानेवारी २०२३ पासून ती जवळजवळ सगळ्या कामांवर सक्तीची केली गेली. दिवसातून दोनदा फोटो. नेटवर्क नाही म्हणून फोटो चढला नाही की घाम गाळलेल्या दिवसाची मजुरी धोक्यात, अशा तक्रारी घेऊन मजूर बायका ठिकठिकाणी रस्त्यावर आल्या. जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायच्या आहारासाठीही चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली. गरोदर बाईने आपला शिधा घ्यायचा तर आधी कॅमेऱ्यापुढे उभं राहायचं. आपण ज्या प्रकल्पांवर काम करतो त्यांचे देणगीदारही फोटो मागतात. शिलाई मशीन घेताना, कोंबड्या घेताना, धनादेश घेताना. बाई घेते आहे आणि कोणीतरी देतो आहे, असा फोटो हवा असतो.

म्हणजे कॅमेरा गरीब बाईच्या आयुष्यात कधीच शिरला आहे. तो तिच्याकडे हजेरी मागायला, पुरावा मागायला, कृतज्ञता मागायला येतो. तिच्या बाजूने बोलायला येत नाही, कारण तो तिच्या हातात नाही. मुद्दा तेवढाच आहे.

मी सोलापुरात विडी कामगार बायकांमध्ये काम करते, म्हणून इथलंच उदाहरण देते. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत आहे. गोदूताई परुळेकरांच्या नावाची. २००६ साली ती घरं मिळाली. त्यामागे किती वर्षांचे मोर्चे, किती धरणी, कार्यालयांपुढे किती दिवस बसणं होतं, हे त्यात असलेल्या बायकांना तोंडपाठ आहे. पण 'विडी कामगारांना घरं' म्हटलं की लोकांना आठवतो तो लोकार्पणाचा सोहळा आणि मंचावरचे मान्यवर. देणाऱ्याचं चित्र उरतं. मिळवणारीचं चित्र तेवढ्या ठळकपणे उरत नाही. वीस वर्षांनी त्या बाईची नात विचारेल, 'आजी, तू काय केलंस?' तेव्हा आजीजवळ दाखवायला काय असेल?

शिकायला गेल्यावर काय भेटतं

मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केलं. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, संशोधन पद्धती, अहवाल लेखन, सगळं अभ्यासक्रमात होतं. 'अहवालाला छायाचित्रं जोडावीत' असंही होतं. छायाचित्र कसं काढावं, कोणाला विचारून काढावं, ते कोणाचं असतं, यावर दोन वर्षांत एक तासही नव्हता. म्हणून पस्तिशीला टेकल्यावर मी शून्यापासून शिकायचं ठरवलं.

दुकानात गेले तेव्हा विक्रेत्याने दोन प्रश्न विचारले. 'गिफ्ट द्यायचाय का?' आणि 'साहेब बरोबर नाही आले?' मी म्हटलं, मलाच शिकायचंय, हाताने सगळं बदलता येतं असा दाखवा. त्याने एक छोटा, रंगीत, खिशात मावणारा काढला आणि म्हणाला, 'लेडीजला हा सोपा पडतो.' पुढे एका दोन दिवसांच्या कार्यशाळेत गेले. तिथे पंचवीस जण होते, त्यात आम्ही तिघी. पहिला अर्धा दिवस कोणाची लेन्स किती महागाची यावर गेला. दुसरा अर्धा दिवस एका मुलीला 'मॉडेल' म्हणून उभं करून बावीस जणांनी तिच्याभोवती कोंडाळं केलं. मी आयएसओ म्हणजे काय ते विचारलं तेव्हा उत्तर आलं, 'मॅडम, तुम्ही ऑटोवरच ठेवा, टेन्शन नाही.'

हे 'ऑटोवर ठेवा' आपण ओळखतो. बँकेत 'सही करा, बाकी आम्ही बघतो' म्हणतात, सातबाऱ्यावर 'तुम्हाला त्यातलं कळणार नाही' म्हणतात, दवाखान्यात 'बाई, तुम्ही बाहेर बसा' म्हणतात. यंत्र अवघड नसतं. यंत्राभोवतीची भाषा अवघड ठेवलेली असते, म्हणजे मग जाणकार म्हणून मिरवता येतं. कॅमेऱ्यातल्या सूचना इंग्रजीत, शिकवणाऱ्याचे शब्द इंग्रजीत, आणि शिकणारीने लाजून गप्प बसायचं.

तेव्हा इथे मराठीत सांगते. तीनच गोष्टी आहेत. आमच्या वस्तीत मी त्या पाण्याच्या हिशोबाने सांगते, कारण चार-पाच दिवसांनी येणाऱ्या नळाचा हिशोब सोलापूरच्या प्रत्येक बाईला पाठ आहे. फोटो म्हणजे प्रकाशाने भरलेला हंडा. नळ किती उघडला, हे झालं अ‍ॅपर्चर. लेन्समधलं हे छिद्र लहानमोठं करता येतं. आकडा उलटा चालतो एवढं लक्षात ठेवायचं. एफ १.८ म्हणजे मोठं छिद्र, एफ १६ म्हणजे बारीक. नळ किती वेळ चालू ठेवला, हे झालं शटर. सेकंदाचा साठावा भाग, अडीचशेवा भाग, असं ते मोजतात. आणि हंडा केवढा आहे, लहान की मोठा, हे झालं आयएसओ. लहान हंडा लवकर भरतो, तसा आयएसओ वाढवला की थोड्या प्रकाशातही फोटो उजळ येतो. त्याची किंमत म्हणजे फोटोत रवाळपणा दिसू लागतो. एक कमी केलं तर दुसरं वाढवायचं. संपलं. ज्या बाईला पाच माणसांचं घर चार हंड्यांत भागवता येतं, तिला हे जमणार नाही असं म्हणणारा माणूस खोटं बोलतो.

आता हे कामाला लावून बघा. विडी वळणारी बाई जमिनीवर बसते, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कातरलेली तेंदूची पानं. खोलीला एकच दार. पान हातात घ्यायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं. बोटं इतकी भराभर चालतात की ऑटोवरचा कॅमेरा त्या अंधारात शटर लांबवतो आणि बोटांचा नुसता धूर दिसतो. तिथे शटर एक अडीचशेवर न्यायचं, छिद्र जमेल तेवढं उघडायचं, आयएसओ १६०० किंवा ३२०० करायचा, आणि तिला दाराच्या उजेडाकडे थोडं वळून बसायची विनंती करायची. मग बोटं दिसतात. पानाने कापलेली त्वचा दिसते, तंबाखूने पिवळी पडलेली नखं दिसतात. हे दिसणं गरजेचं आहे. घरबसल्या सोपं काम म्हणून ज्याची मजुरी कमी धरली जाते, ते काम हातांवर काय लिहून ठेवतं हे त्या फोटोत येतं. ऑटोवरच्या धुरात येत नाही.

यंत्राची 'सरासरी' आणि आपले चेहरे

ऑटोची गोष्ट इथेच संपत नाही. कॅमेऱ्यातलं मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा भाग, समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतं. साधारण अठरा टक्के प्रकाश परत फेकणारा करडा. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीपुढे सावळी बाई बसली की यंत्र भिंतीलाच सरासरी मानतं, भिंत करडी करतं, आणि बाईचा चेहरा काळोखात जातो. भर दुपारी डोक्यावर पदर घेतलेल्या बाईचंही तेच होतं. आमच्या एका बैठकीचे फोटो स्टुडिओतून छापून आले तेव्हा एक आक्का म्हणाली, 'ताई, ह्यात मी हाय खरं, पण दिसंना.' तिचं वाक्य मी शिबिरात नेहमी सांगते. आपल्या सगळ्या प्रश्नाचं मर्म त्यात आहे.

उपाय अगदी सोपा आहे. बहुतेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण असतं. ते अधिक एकवर नेलं की यंत्राला सांगितलं जातं, तुझी सरासरी बाजूला ठेव, मला हा चेहरा बघायचाय. नाहीतर मीटर फक्त चेहऱ्यावर लावायचं. अडाण्यालाही पाच मिनिटांत समजेल अशी ही गोष्ट. ती कोणी सांगत नाही, कारण मुख्य पाहुण्याच्या चेहऱ्यावर लाइट असतोच.

सरासरी कोणाला धरून ठरते याचा इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात छपाईचे रंग बरोबर आले की नाही हे तपासायला कोडॅक कंपनी लॅबना एक नमुना-कार्ड देत असे. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो असे. 'शर्ली कार्ड' हे त्याचं नाव. गोरी त्वचा छान आली की रंग बरोबर, असा हिशोब अनेक दशकं चालला. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांची कार्डं आली ती १९९० च्या दशकात. आज आपल्या हातातले पुष्कळ फोन काय करतात? चेहरा उजळ करतात, सुरकुत्या पुसतात, डाग घालवतात, आणि ते न विचारता करतात. मारहाणीचा वळ दाखवायला काढलेल्या फोटोतही ते हेच करू शकतात. ज्यांना वाटतं 'मोबाइल आहे की, मग कॅमेरा कशाला', त्यांनी आधी फोनमधला सौंदर्याचा तो मोड शोधून बंद करावा. मोबाइलला माझा विरोध नाही. फोनवरही चेहऱ्यावर बोट ठेवून उजेड वरखाली करता येतो, तेही शिकायचंच आहे. पण फोन कोणाचा आहे हा प्रश्न राहतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया ५४ टक्के निघाल्या. बाकीच्यांचा फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा. त्यात काढलेला फोटो संध्याकाळी घरातले सगळे बघतात. संघटनेचा कॅमेरा मात्र संघटनेच्या कपाटात राहतो.

जमिनीवर बसून काढलेला फोटो

'शिकलेल्या बायकांचं ठीक आहे, वस्तीतल्या बायांना कसं जमणार?' हा आक्षेप चळवळीच्या आतूनच येतो, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. १९८४ साली अहमदाबादला सेवा संघटनेने व्हिडिओ सेवा सुरू केलं. तेव्हाचे व्हिडिओ कॅमेरे आजच्या मानाने अवजड होते. तरी लिहिता-वाचता न येणाऱ्या, भाजी विकणाऱ्या बायका ते चालवायला शिकल्या. तेलंगणातल्या जहिराबाद भागात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या दलित शेतकरी बायका व्हिडिओ करायला शिकल्या, आणि त्यांनी इंग्रजी शब्द घोकण्याऐवजी स्वतःची परिभाषा बनवली. खालून वर बघत घेतलेल्या चित्रात माणूस मोठा, रुबाबदार दिसतो. गावच्या जमीनदाराकडे असंच मान वर करून बघावं लागतं, म्हणून तो 'पटेल शॉट'. वरून खाली बघत घेतला की माणूस दबलेला दिसतो, म्हणून तो गुलामाचा शॉट. आणि डोळ्याला डोळा भिडवून, समान पातळीवरून घेतला तो 'संघम शॉट', कारण संघमात सगळ्या सारख्या. फोटोग्राफीची जाडजूड पुस्तकं जे सांगायला पानंच्या पानं खर्च करतात, ते या बायकांनी एका शब्दात सांगितलं, आणि त्यात जात आणि जमीनही आणली.

आता पुन्हा आपल्या फोल्डरकडे बघा. व्यासपीठ खालून घेतलेलं, म्हणजे पटेल शॉट. समोर बसलेल्या बाया उभ्याने, वरून घेतलेल्या. विडी वळणाऱ्या बाईचा फोटो घ्यायला आलेला बहुतेक प्रत्येक जण उभा राहतो, आणि ती खाली मान घातलेली, बिचारी दिसते. जमिनीवर तिच्यासमोर मांडी घालून बसा, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा, आणि बघा, तीच बाई कारागीर दिसते. लेन्स तीच, खोली तीच, बाई तीच. बदलली ती फोटो काढणारीची बसायची जागा.

चित्रकूट भागात २००२ साली सुरू झालेल्या 'खबर लहरिया'च्या बायकांचं उदाहरण आपल्याकडे कौतुकाने दिलं जातं. दलित, ग्रामीण बायका पत्रकार झाल्या, पुढे छापील अंक सोडून मोबाइलवर व्हिडिओ बातम्या करू लागल्या. त्यांच्यावरची 'रायटिंग विथ फायर' ही फिल्म २०२२ साली ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. कौतुकात एक गोष्ट विसरली जाते. त्याच वेळी खबर लहरियाने जाहीर निवेदन काढून सांगितलं की फिल्ममध्ये आमच्या कामाची एकच बाजू आली आहे. फिल्म चांगली की वाईट हा वाद इथे नाही. स्वतः कॅमेरा चालवणाऱ्या बायका असल्यामुळे दुसऱ्याने दाखवलेलं चित्र आणि आपलं काम यांतला फरक त्या ठामपणे सांगू शकल्या, आणि लोकांना त्यांचं ऐकावं लागलं. ज्यांच्याकडे स्वतःचं एकही चित्र नाही, त्या काय सांगणार?

विचारल्याशिवाय नाही

कॅमेरा हातात आला की सत्ताही येते, आणि ती आपल्यालाही चढू शकते. बाई फोटो काढते म्हणून तो आपोआप स्त्रीवादी होत नाही. म्हणून काही नियम शिबिराच्या पहिल्याच तासाला, अ‍ॅपर्चरच्याही आधी, शिकवले पाहिजेत.

विचारून फोटो काढायचा. काढल्यावर पडद्यावर तिला दाखवायचा. ती 'नको' म्हणाली तर तिच्यासमोर पुसायचा. फिल्मच्या काळात हे शक्यच नव्हतं. रोल धुऊन यायचा तेव्हा फोटो काढणारा गाव सोडून गेलेला असायचा, आणि आपलं चित्र कुठे गेलं हे बाईला कधीच कळायचं नाही. डिजिटल कॅमेऱ्याने आपल्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट कुठली असेल तर ती ही. किती मेगापिक्सेल ते मागाहून. जिचा फोटो, तिला त्याच क्षणी मत देता येतं.

दुसरं, कायदा. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड होईल असं काहीही छापणं हा गुन्हा आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या २२८ अ कलमात होता, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुसता चेहरा धूसर करून भागत नाही. साडी, घराचं दार, पाठीमागची दुकानाची पाटी यांवरूनही गाव ओळखतं. फोनने काढलेल्या फोटोत, आणि काही कॅमेऱ्यांच्या फोटोत, जागेची नोंद आपोआप चिकटते. आधारगृहात राहणाऱ्या बाईचा असा फोटो बाहेर गेला तर तिचा पत्ताही गेला. ती नोंद बंद कशी करायची हे प्रत्येकीला आलं पाहिजे.

तिसरं, पुरावा. घरात मारहाण झालेली बाई आपल्याकडे येते तेव्हा डॉक्टरी तपासणी हवीच, पण वळ दोन दिवसांत रंग बदलतात. तिच्या संमतीने, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न मारता, आधी पूर्ण चेहऱ्यासह आणि मग जवळून, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं ठेवून फोटो घ्यावेत. कॅमेऱ्याची तारीख-वेळ आधी बरोबर लावलेली असावी. मूळ फाइलला हात लावू नये. काटछाट करायची तर प्रतीवर करावी. मेमरी कार्ड पुसण्याआधी दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. न्यायालयात असा डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र लागतं. फोटो कोणी, कशाने, केव्हा काढला याची नोंद वहीत असेल तर ते करणं सोपं जातं. हे काम कोणा भाच्याला सांगणार? मार खाल्लेली बाई पाठ उघडी करून स्टुडिओवाल्यापुढे बसणार आहे का? एवढ्या एका कारणासाठीसुद्धा प्रत्येक समुपदेशन केंद्रात कॅमेरा जाणणारी बाई असली पाहिजे.

फोटोखाली कोणाचं नाव

होमाई व्यारावाला या आपल्या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. जन्म १९१३ चा, नवसारीचा. मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या शिकल्या. त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या, माणेकशॉ यांच्या, नावाने छापले गेले, कारण तेव्हा बाईच्या नावाला किंमत नव्हती. पुढे स्वातंत्र्याच्या काळातल्या कितीतरी घटना त्यांनी टिपल्या. पद्मविभूषण मिळालं ते २०११ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षाच्या आसपास. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. एवढ्या मोठ्या बाईची ही गत, तर आपल्या मोर्चात फोटो काढणारीचं नाव कोण लिहिणार? आपल्याच पत्रकांत, अहवालांत बघा. लेखाखाली नाव असतं, फोटोखाली नसतं. मुंबईत १९८८ साली सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी स्पॅरो हा स्त्रियांचा ध्वनि-चित्र संग्रह सुरू केला, तो याच जाणिवेतून की बायकांचा इतिहास फक्त कागदपत्रांत सापडत नाही. असा संग्रह प्रत्येक जिल्ह्याला हवा. आणि त्यात भरायला आपण काढलेले फोटो हवेत, तारखेसह, नावासह.

खर्चाचा मुद्दा काढणाऱ्यांसाठी हिशोब देते. आमच्या गटाने जुना, वापरलेला डीएसएलआर आणि ५० मिलिमीटरची साधी लेन्स मिळून पंचवीस हजारांच्या आत घेतला. एका मेळाव्याच्या मंडपाला आणि पाहुण्यांच्या शाली-श्रीफळांना किती जातात ते आपापल्या वहीत बघा. फिल्मच्या काळात छत्तीस फोटोंचा रोल, तो धुणं, छापणं, यात शिकणारीचा प्रत्येक वाया गेलेला फोटो पैसे खात असे. त्यामुळे बाईला 'रोल वाया घालवू नकोस' हेच ऐकावं लागे. आता हजार फोटो वाया गेले तरी एक रुपया जात नाही. आमच्या सात जणी चार महिन्यांत शिकल्या. आठवड्यातून एक संध्याकाळ, विड्या कारखान्यात देऊन आल्यावर. त्यातल्या तिघींना सही करण्यापलीकडे लिहिता येत नाही. पडद्यावरच्या चित्रांवरून आणि आकड्यांवरून त्यांचं काम चालतं. परवा विड्या छाटून बाजूला काढतात त्या टेबलावर काय चालतं, याचे फोटो त्यांनीच काढले, आणि मालकाच्या माणसापुढे ठेवले. त्या दिवशी छाटणीचा वाद पहिल्यांदा 'तुम्ही म्हणता, आम्ही म्हणतो' यावर अडला नाही. फोटो मध्ये होते.

तेव्हा माझी प्रत्येक गटाकडे मागणी आहे. यंदाच्या अंदाजपत्रकात कॅमेऱ्याची एक ओळ घाला. किमान तीन जणींना शिकवा, आणि त्यातल्या दोघी वस्तीतल्या असू द्या, कार्यालयातल्या नकोत. शिकवायला पुरुष आला तरी हरकत नाही, पण तो मराठीत शिकवेल आणि 'ऑटोवर ठेवा' म्हणणार नाही, ही अट घाला. पुढच्या आठ मार्चला फोटोवाल्याला बोलावू नका. त्या दिवशी व्यासपीठाचा एक फोटो पुरे. बाकी सगळे खाली बसलेल्यांचे घ्या, खाली बसून घ्या. आणि या अंकासाठी फोटो पाठवाल तेव्हा मागच्या बाजूला काढणारीचं पूर्ण नाव लिहा. नाव नसलेला फोटो छापू नये, अशी संपादक मंडळाला माझी जाहीर विनंती आहे.